राशी म्हणजे काय? साडेतीनशेपासून मोंढ्याच्या पट्टीपर्यंत

फळ्यावर मी ४०अ + ग एवढंच लिहिलं आणि खडू खाली ठेवला. अ म्हणजे शेत किती एकर ती संख्या, ग म्हणजे त्यावरचे गुंठे, आणि एका एकराचे गुंठे ४०. वर्ग सातवीचा. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, बरोबर किती?" पुढच्या रांगेतल्या एकानं तोवर वहीत ४१अग लिहून टाकलं होतं. एका मुलीनं शेवटी स्वतःच '= ०' जोडलं होतं, कारण काहीतरी अर्धवट राहिलंय असं तिला वाटत होतं.

बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना ही तीन उत्तरं मला दरवर्षी दिसतात. लेकरं हुशार असतात, पाढे पाठ असतात, तरीही इथं अडतात. चिन्हांची ओळ दिसली की ती प्रश्नच असणार आणि तिचं उत्तर काढायचंच, ही सवय पहिलीपासून लागलेली असते. ४०अ + ग ही राशी आहे, आणि राशी हा प्रश्न नाही. ती एखाद्या संख्येचं वर्णन आहे. 'थोरल्या काकांच्या शेताचे एकूण गुंठे' हे शब्द ऐकून कुणी सोडवायला बसत नाही. कोणत्या संख्येबद्दल बोलणं चाललंय ते आपण समजून घेतो. ४०अ + ग हे अगदी तेच बोलणं आहे, फक्त चिन्हांत.

घरी लेकरांचा अभ्यास घेणारे आईबाप आणि बीजगणिताचा हात जिथं सुटला तिथून पुन्हा धरू पाहणारे मोठे, या दोघांसाठी हा लेख आहे. शाळेच्या पुस्तकात फक्त संख्या असतील तर 'पदावली' आणि अक्षरं आली की 'बैजिक राशी' म्हणतात. मी दोन्हीला राशीच म्हणणार आहे. पुस्तकात अक्षरं इंग्रजी असतात, एक्स आणि वाय. मी आपली अक्षरं घेतली आहेत, त्याचं कारण पुढं येईल.

पहिली पायरी : तोंडातल्या राशी ओळखा

राशी शिकायला अक्षरं लागत नाहीत. मराठी बोलणारं प्रत्येक माणूस दिवसभर राशी बोलत असतं. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, ३० − १. पंचवीस म्हणजे ५ + २०. सव्वातीन म्हणजे ३ + १/४, पावणेचार म्हणजे ४ − १/४. साडेतीन शक्तिपीठं आपण म्हणतो, त्यातलं तुळजापूर आणि माहूर आपल्या मराठवाड्यात, तिसरं कोल्हापूर, आणि वणीचं अर्धं पीठ : ३ + १/२.

आता 'साडेतीनशे' घ्या. मुलांना हा शब्द चिन्हांत लिहायला सांगा. बहुतेक जण ३ + १/२ × १०० असं लिहितात. गुणाकार आधी करायच्या नियमानं याची किंमत काढली तर ३ + ५०, म्हणजे ५३ येते. साडेतीनशे तर ३५०. मग चुकलं कुठं? बोलताना आपण 'साडेतीन' हा एक गठ्ठा बांधतो आणि तो अख्खा गठ्ठा शंभरपट करतो. लिहिताना तो गठ्ठा सुटला. तो पुन्हा बांधायचा तर (३ + १/२) × १०० असंच लिहावं लागतं. कंस म्हणजे काय, ते मला याहून चांगलं कुठल्या व्याख्येतून समजावता आलेलं नाही. पावणेदोनशे म्हणजे (२ − १/४) × १००, १७५. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, सव्वाकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. ते सगळे गठ्ठ्यांचेच पाढे होते.

घरी पहिले दोन दिवस एवढंच करा. लेकरानं शब्द सांगायचा, तुम्ही राशी लिहायची, मग उलट.

दुसरी पायरी : वर्णन कोणतं आणि वाक्य कोणतं

'आमच्या वाड्यामागची विहीर' हे वर्णन झालं. 'आमच्या वाड्यामागची विहीर चाळीस फूट आहे' हे वाक्य झालं. ते खरं असेल किंवा खोटं. गणितात बरोबरचं चिन्ह 'आहे' या क्रियापदाचं काम करतं. ४०अ + ग ही राशी. ४०अ + ग = ९० हे समीकरण, म्हणजे वाक्य. अ > ३ हेही वाक्यच. एकटा ७ किंवा एकटा अ हीसुद्धा राशीच, लहान असली म्हणून काय झालं. ५ + × ३ मात्र काहीच नाही. शब्द कसेही फेकले तर वर्णन होत नाही, तसं.

समीकरण सोडवता येतं, कारण वाक्य कधी खरं ठरेल हे विचारता येतं. राशी सोडवता येत नाही. तिच्याबरोबर करायच्या गोष्टी वेगळ्या : ती वाचायची, तिची किंमत काढायची, आणि तिचं रूप बदलून सोपं करायचं. प्रश्नपत्रिकेत 'राशी सोडवा' असं छापलेलं मी पाहिलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं; तिथूनच ते '= ०' जन्माला येतं.

याच जागी आणखी एक सवय मोडून काढा. ५ आणि ३ मिळवून दुप्पट करा म्हटलं की मुलं ओळीत लिहितात : ५ + ३ = ८ × २ = १६. ही ओळ वाचून पाहा. ५ + ३ ची किंमत ८ × २ एवढी आहे, असं ती म्हणते, आणि ते खोटं आहे. बरोबरचं हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञानं १५५७ मध्ये छापलं, सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा. दोन्ही बाजू तोलात असतील तरच ते लिहायचं. 'आता पुढं' या अर्थानं ते वापरू देऊ नका.

तिसरी पायरी : कोणती क्रिया आधी

खिशात ५०० रुपये, १२० रुपयांच्या तीन पिशव्या खत घेतलं. उरले ५०० − ३ × १२०. डावीकडून सरळ करत गेलं तर ४९७ × १२०, म्हणजे ५९,६४० रुपये उरतात! गुणाकार आधी केला की १४०. हा क्रम लक्षात ठेवायला शाळेत 'कंचेभागुबेव' शिकवतात : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. 'चे' म्हणजे '१० चा १/२' यातला चा-ची-चे. ३० ÷ १० चा १/२ यात आधी १० चा अर्धा ५ करायचा, मग ३० ÷ ५, उत्तर ६.

शब्द उपयोगी आहे, पण तो शब्दशः धरला तर एका ठिकाणी दगा देतो. एसटीत १० माणसं होती, ४ उतरली, ३ चढली : १० − ४ + ३. 'बे' आधी आणि 'व' नंतर म्हणून कुणी ४ + ३ आधी केलं तर १० − ७, गाडीत तीनच माणसं उरतात. खरी तर ९ आहेत. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर बसतात. जी डावीकडे आधी आली ती आधी. गुणाकार-भागाकाराचंही तसंच : २४ ÷ ४ × २ म्हणजे १२. शंका आली की जी क्रिया आधी करायची तिला कंस घाला, क्रम तोच ठेवणारा जास्तीचा कंस कुणाचं नुकसान करत नाही.

चौथी पायरी : अक्षर म्हणजे संख्या

इथं घाई करू नका, मीही करत नाही.

बऱ्याच ठिकाणी '३अ म्हणजे तीन आंबे' असं सांगून सुरुवात करतात. दोन दिवस ते चालतं. तिसऱ्या दिवशी अ × अ येतं, आणि आंबा गुणिले आंबा म्हणजे काय ते कुणालाच सांगता येत नाही. अक्षर हे वस्तूचं टोपणनाव नव्हे. अ म्हणजे आंबा नाही. अ म्हणजे आंब्यांची संख्या, किंवा एका आंब्याचा भाव. कोणती संख्या ते पहिल्या ओळीत शब्दांत लिहायची सवय लावा : 'अ = एका आंब्याचा भाव, रुपयांत'. मी वहीत ही ओळ नसेल तर पुढचं तपासत नाही.

ऊसतोडीची एक जोडी, म्हणजे नवरा-बायको, त्याला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. टोळीत क कोयते असतील तर माणसं किती? 'कोयता म्हणजे दोन माणसं' हे मनात इतकं पक्कं असतं की मोठी माणसंही क = २म लिहितात, म म्हणजे माणसं. दहा कोयते घालून पाहा : माणसं वीस, म्हणजे म = २क. अक्षराला वस्तू मानलं की हे उलटं लिहिलं जातं, संख्या मानलं की नाही.

आता आपल्या अक्षरांचं कारण. कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव लागतं, तिथून जवळच पाटण. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढल्याची नोंद आहे. चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी. म्हणजे आज दौलताबाद म्हणतो त्या किल्ल्याच्या छायेत आठशे वर्षांपूर्वी बीजगणित शिकवायची सोय झाली होती. भास्कराचार्य अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणत, जेवढं असेल तेवढं, आणि लिहिताना नुसतं 'या'. दुसरी अज्ञात आली तर 'का', कालक म्हणजे काळा. तिसरीला 'नी', नीलक म्हणजे निळा. सुट्या संख्येसाठी 'रू', म्हणजे रूप. आपण ४०या + ७ लिहू ते त्या पद्धतीत 'या ४० रू ७' झालं असतं. अक्षरावाचून बीजगणित नाही, पण ते अक्षर परकंच असलं पाहिजे असं कुठं आहे? मुलीला अक्षर स्वतःच निवडू द्या. तिची भीती निम्मी होते, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय.

पाचवी पायरी : मराठीतून चिन्हांत

ही दोन वाक्यं मोठ्यानं वाचा.

क च्या दुपटीत ३ मिळवा.
क मध्ये ३ मिळवून दुप्पट करा.

पहिलं २क + ३, दुसरं २(क + ३). क ला ५ घेतलं तर पहिलं १३ आणि दुसरं १६. फरक कशानं पडला? 'मिळवून' मधल्या 'ऊन'नं. 'जेवून जा' म्हटलं की आधी जेवण पुरं होतं, मग जाणं. गणितातही 'ऊन' आला की तिथपर्यंतचं काम आटोपलं, गठ्ठा बांधला, कंस मिटला. मिळवून, वजा करून, भागून : जिथं जिथं 'ऊन' तिथं कंस लागतो का ते पाहा. मराठीनं आपल्या हाती दिलेली ही खूण आहे आणि ती मुलांना पाच मिनिटांत कळते.

दुसरी खूण वजाबाकीची. 'क मधून ५ वजा' हे क − ५, पण '५ मधून क वजा' हे ५ − क. 'मधून' ज्याला लागलंय ते आधी लिहायचं. 'क पेक्षा ५ ने कमी' यात 'पेक्षा' ज्याला लागलंय ते आधी, म्हणून क − ५.

सहावी पायरी : मोंढ्याची पट्टी

क क्विंटल सोयाबीन मोंढ्यावर, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, नेलं. भाव क्विंटलला द रुपये. हमाली-तोलाई क्विंटलमागे २० रुपये धरू, आणि गाडीभाडं भ रुपये, माल कितीही असो. हातात काय पडलं?

एक जण लिहील : क × द − क × २० − भ. आधी मालाची किंमत, मग कपाती, पट्टीवर म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर असतं त्या क्रमानं. दुसरा म्हणेल, क्विंटलमागं २० जाणारच आहेत तर भावातूनच काढा : क × (द − २०) − भ. दोघंही बरोबर. उदाहरणापुरतं १४ क्विंटल, भाव ४,२००, भाडं १,५०० धरा. पहिल्या वाटेनं ५८,८०० − २८० − १,५००, दुसऱ्या वाटेनं १४ × ४,१८० − १,५००. दोन्हीकडं ५७,०२०. एकाच संख्येची ही दोन वर्णनं झाली, 'माझ्या आईचा भाऊ' आणि 'माझा मामा' अशी. राशीचं रूप बदलणं म्हणजे एवढंच : माणूस तोच, नातं सांगायची तऱ्हा वेगळी.

भाडं मात्र कंसात गेलं नाही, कारण ते क्विंटलमागं नाही. क × (द − २० − भ) लिहिलं तर प्रत्येक क्विंटलला अख्खं गाडीभाडं कापलं जाईल. कोणती रक्कम 'मागे' आहे आणि कोणती एकरकमी, हे विचारल्याशिवाय कंस घालू नये.

आमच्या वर्गातली काही लेकरं दिवाळीच्या सुमाराला आईबापांबरोबर कारखान्यावर जातात. परत आल्यावर मी त्यांना हीच राशी मांडायला देतो : ट टन तोड, टनाला र रुपये, आधी घेतलेली उचल उ. हिशोब ट × र − उ. समजा तोड २५० टन, दर ४०० आणि उचल १,२०,०००. किंमत येते −२०,०००. हे उत्तर चुकलं नाही. राशी तीच आहे, तिची किंमत ऋण आली, आणि त्या ऋणाचा अर्थ असा की सहा महिने राबून वीस हजार अंगावर राहिले. एका मुलीनं हे उणे चिन्ह पाहून विचारलं, "सर, मग किती टन तोडले म्हणजे शून्य येईल?" तेव्हा ती राशीकडून समीकरणाकडं स्वतःच्या पायानं गेली होती. उत्तर ३०० टन. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीतली ही ओळ आपल्या मुलांना वाचता आली पाहिजे, म्हणून मी हा धडा टाळत नाही.

सातवी पायरी : पदं आणि एकत्र करणं

अधिक-उण्यानं तुटणारे तुकडे म्हणजे पदं. चिन्ह पुढच्या पदाचं असतं. ७अ − २ग + ५ यात पदं ७अ, −२ग आणि ५. अक्षराच्या आधी लिहिलेला आकडा तो सहगुणक. ३अ + २ग + ५अ चं ८अ + २ग होतं, कारण एकाच संख्येची तिप्पट आणि पाचपट मिळून आठपट झाली. ८अ आणि २ग मिळून १०अग होत नाही, कारण अ आणि ग या वेगवेगळ्या संख्या आहेत : अ = २, ग = ३ घातलं तर एकीकडं २२, दुसरीकडं ६०. एकर आणि गुंठेही तसेच मिळवता येत नाहीत, एका एकराचे ४० गुंठे करून घेतले तरच बेरीज होते; ४०अ + ग मधला ४० त्याचसाठी आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं, तिथं राशी १००ह + र होईल.

आठवी पायरी : किंमत घालणं आणि पडताळणं

अक्षराच्या जागी संख्या घालताना आधी कंस मांडा, मग त्यात संख्या ठेवा. ५ − २क मध्ये क = −३ : ५ − २ × (−३), म्हणजे ११. कंस नसला की मुलं ५ − २ − ३ करून शून्य आणतात. आणि २क मध्ये ५ घातले की ते २५ होत नाहीत, १० होतात. अक्षर आकड्याशेजारी बसलं की मध्ये गुणाकार लपलेला असतो.

दोन राशी सारख्या आहेत का, असा संशय आला तर दोन्हींत एकच संख्या घालून पाहा. (क + ३) चा वर्ग आणि क चा वर्ग अधिक ९, हे एकच का? क = ० घातलं तर दोन्हीकडं ९. इथं थांबलात तर फसलात. क = १ घाला : १६ आणि १०. एका ठिकाणी फरक पडला की निकाल लागला, त्या वेगळ्या. जुळल्या तर मात्र अजून खात्री नाही, नियमानं रूप बदलून दाखवावं लागतं. पडताळायला ० टाळा, जमलं तर १ सुद्धा. ७ किंवा −४ घ्या.

छेदाकडं एक नजर ठेवा. १२ ÷ (क − ४) ला क = ४ असताना किंमतच नाही.

एक विहीर, घरी करायला

गुत्तेदारानं, म्हणजे ठेकेदारानं, विहीर खोदायचं गुत्तं घेतलं. पहिल्या १० फुटांना फुटामागे ज रुपये, त्याखाली दगड लागतो म्हणून फुटामागे ५०० जास्त. विहीर ख फूट झाली. मजुरी किती?

मांडणी : १०ज + (ख − १०)(ज + ५००). कंस सोडवला की १०ज + खज + ५००ख − १०ज − ५,००० मिळतं. १०ज आणि −१०ज एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं खज + ५००ख − ५,०००, म्हणजेच ख(ज + ५००) − ५,०००.

आता हे शेवटचं रूप मराठीत वाचा : सगळी विहीर दगडाच्या दरानं मोजा, आणि पहिल्या दहा फुटांना जास्तीचे लागलेले ५,००० काढून घ्या. वस्तीवरचा जुना माणूस तोंडी हिशोब असाच करेल. ख = ४०, ज = १,००० घालून दोन्ही रूपं तपासा, दोन्हीकडं ५५,००० यायला हवेत. मग ख = ६ घाला. राशी ६ज − २,००० देईल, आणि गुत्तेदार तर ६ज मागेल. त्याचंच बरोबर आहे. ख − १० हे 'दहा फुटांखालचे फूट' म्हणून आपण लिहिलं, तेव्हा विहीर निदान दहा फूट झालीय असं धरूनच चाललो होतो. ती अट राशीशेजारी लिहा : ख हा १० किंवा त्याहून जास्त.